अंबाझरीच्या बांधावर झाडं लावू नका

आज सकाळी आपल्या नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या बांधावर वृक्षारोपण झालं. बॅनर होतं, एकसारख्या टोप्या होत्या, वरून ड्रोन फिरत होता. आणि खड्डे खोदले कुठे, तर थेट बांधाच्या उतारावर, खालच्या वस्तीच्या, म्हणजे लेआऊटच्या बाजूला. वड, पिंपळ, कडुनिंब. एका पोट्ट्याला थांबवून विचारलं, बाळा, तू कशावर उभा आहेस माहीत आहे का? तो म्हणाला, "टेकडी आहे ना काकू."

तेव्हापासून डोकं ठणकतंय. घरी येऊन चहाही घेतला नाही, आधी हे लिहायला बसले.

अरे, ते धरण आहे! 1870 साली नागपूरला पाणी पुरवायला बांधलेलं मातीचं धरण. तुम्ही ज्याच्यावर मॉर्निंग वॉक करता, सेल्फी काढता, प्राणायाम करता, त्याच्या एका अंगाला अख्खा तलाव टेकलेला आहे आणि दुसऱ्या अंगाला, खाली, आम्ही राहतो.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आपल्यापैकी कोणीच विसरलेलं नाही. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, तलाव ओसंडला, नाग नदी पात्र सोडून घराघरात शिरली. आमच्याकडे पाणी दारातून आलंच नाही आधी. ते आलं बाथरूमच्या मोरीतून. उलटं, बुडबुडे काढत, काळं. मी पोतं घेऊन मोरी दाबत बसले होते आणि तोवर मागून समोरच्या दाराने आत आलं. लाइट गेलेले. आईला आधी डायनिंग टेबलावर बसवलं. तिचे गुडघे असे की जिना म्हणजे तिला डोंगर. वर भाड्याने राहणारा मुलगा खाली आला, छातीपर्यंतच्या पाण्यातून त्याने तिला पाठीवर घेतलं आणि वर नेलं. स्वयंपाकघरात गॅसचं सिलिंडर तरंगत होतं आणि ग्रिलवर आपटत होतं. ठण्ण, ठण्ण. फ्रिज आडवा होऊन दारात अडकलेला, त्यामुळे आत जाऊन ते थांबवताही येत नव्हतं. उजाडेपर्यंत तोच आवाज.

आणि लक्षात घ्या, त्या रात्री बांध फुटला नव्हता. दीडशे वर्षांचा तो मातीचा बांध टिकला. सांडव्यावरून, म्हणजे तलावातलं जादा पाणी बाहेर जायच्या वाटेवरून आलेल्या आणि वरून पडलेल्या पाण्यानेच एवढं झालं. मोरभवन बसस्थानकात बसगाड्या बुडाल्या, मूकबधिर शाळेतल्या मुलांना बोटीतून काढावं लागलं, चार माणसं गेली. बांध गेला असता तर मी आज फेसबुकवर नसते, माझ्या लिस्टमधले अर्धे लोकही नसते.

आमच्या शेजारचे काकाजी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. पूर ओसरल्यावर एकदा मी त्यांच्यासोबत बांधावर गेले होते. आपण सगळे वर गेलो की तलावाकडे तोंड करून उभे राहतो. ते पाठ करून उभे राहिले. मला म्हणाले, "तिकडं काय पाहते, इकडं पायथ्याशी पहा. मातीचं धरण पायथ्याशी बोलते." थोडा पाझर प्रत्येक मातीच्या धरणाला असतोच, म्हणाले, स्वच्छ पाणी झिरपत असेल तर घाबरायचं नाही. गढूळ यायला लागलं की समजायचं आतली माती निघून चालली. मग वेळ फार नसतो.

झाडांचं त्यांनीच सांगितलं. लहान रोप काही करत नाही. पण पिंपळाचं मूळ बांधात खोल जातं, जाड होतं. वीस-तीस वर्षांनी झाड वाळतं, मूळ आतच कुजतं आणि तिथे आयती नळी तयार होते. पाण्याला तेवढंच हवं असतं. नाहीतर वादळात झाड उन्मळतं आणि बांधाचं हे एवढं ढेकूळ सोबत घेऊन पडतं. शिवाय झाडोरा वाढला की घुशी बिळं करतात, आणि गळती कुठे आहे हे कोणाला दिसतच नाही. म्हणून बांधावर गवत पाहिजे, फक्त गवत, तेही कापलेलं.

मला माहीत आहे, तुम्हाला सगळ्यांना झाडं प्रिय आहेत. मलाही आहेत. बांधावरची जुनी झाडं काढायची की नाही यावर आपल्या शहरात किती भांडणं झाली, तुम्हीही त्यात होता. मान्य, ती सरसकट कापूनही चालणार नाही, नुसतं वरचं खोड तोडलं तर खालची मुळं कुजून उलट धोका वाढतो. मुळासकट काढून, तो खड्डा चांगल्या मातीने थराथराने ठोकून भरावा लागतो. जाणकार माणसाचं काम आहे ते. पण निदान नवीन तरी लावू नका ना! तलावाच्या मागच्या बाजूला केवढी जागा आहे. तिथे लावा, मी स्वतः पाणी घालायला येईन.

त्या मुलांवर राग धरून काय उपयोग, हेही कळतं. सुटीच्या दिवशी पहाटे उठून मातीत हात घालणारी मुलं आहेत, मोबाइलमध्ये तोंड खुपसून पडलेली नाहीत. त्यांना कोणी सांगितलंच नाही. बांधावर चढताना कुठे एक पाटी आहे का, की हे मातीचं धरण आहे, इथे खोदू नये? कचरा टाकू नये, पोहू नये, एवढंच. राग येतो तो मोठ्यांचा. ज्यांना माहीत असायला हवं त्यांचा.

या शहराला तलाव दिसला की त्याच्या काठावर काहीतरी उभारायचंच असतं. सांडव्यासमोर विवेकानंदांचं स्मारक उभं राहिलं आणि पुरानंतर तो विषय उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला. स्वामीजींबद्दल आदर आहेच, तो पुरावा मी कोणाला देणार नाही. पण सांडवा ही मातीच्या धरणाची जीव वाचवायची जागा आहे. दगडी धरणाच्या डोक्यावरून पाणी गेलं तरी ते बरेचदा तग धरतं. मातीच्या धरणाच्या माथ्यावरून पाणी वाहू लागलं की ते माती कापत जातं आणि काही तासांत सगळं संपतं. म्हणून जादा पाण्याला सांडव्यातून मोकळं जाता आलं पाहिजे. त्या वाटेत काहीही नको. देवाचं नको, माणसाचं नको, पार्किंग नको, चाटची गाडी नको.

पुण्याजवळचं पानशेत धरण फुटलं, ते आपल्या आईवडिलांनी ऐकलंय. 12 जुलै 1961. तेही मातीचंच, काम पूर्ण व्हायच्या आधीच पाणी अडवलेलं. आदल्या रात्री जवान वाळूची पोती रचत होते. ते जुनं झालं म्हणाल, तर तिवरे धरण घ्या. चिपळूण तालुका, 2 जुलै 2019 ची रात्र. गावकरी आधीपासून सांगत होते की धरण गळतंय. ते फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. आणि नंतर मंत्री म्हणाले, खेकड्यांनी धरण पोखरलं. खेकडे बिळं करतात हो, खरं आहे. पण ती बिळं बघायला, बुजवायला माणसं ठेवायची असतात की नाही? 2021 साली धरण सुरक्षा कायदा आला, पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी करायची असं त्यात लिहिलंय. लिहिलंय. आज बांधावर भर पावसाळ्यात खड्डे खोदताना अडवायला एकसुद्धा माणूस नव्हता.

म्हणजे बांधावर जायचं बंद करा, गेटला कुलूप लावा असं मी म्हणत नाही. कोणीतरी कमेंटमध्ये म्हणेलच, म्हणून आधी सांगते. माझं अर्धं आयुष्य त्या बांधावर गेलंय. लग्नाआधी आम्ही दोघं तिथेच भेटायचो, पोरं सायकल तिथेच शिकली. आषाढात ढग खाली येतात आणि पलीकडचा काठ दिसेनासा होतो, तसं नागपुरात दुसरीकडे कुठे दिसत नाही. लोक जात राहिले पाहिजेत. रोज तोच बांध चालणाऱ्या माणसाला जे दिसतं ते वर्षातून दोनदा गाडीतून येणाऱ्या साहेबाला दिसणार नाही. कुठे माती खचली, कुठे ओल आली, कुठे नवीन बीळ पडलं.

आईला आता पाऊस सुरू झाला की झोप लागत नाही. काल रात्रीही विचारत होती, सांडवा चालू झाला का गं? मी म्हटलं, नाही आई, अजून खूप खाली आहे पाणी. तरी तिने औषधाचा डबा उशाशी नेला आणि सिलिंडर साखळीने बांधलंय ना, ते दोनदा विचारलं.

तर दोन कामं. ज्या गटाने आज झाडं लावली, त्यातलं कोणी तुमच्या ओळखीचं असेल तर त्यांना ही पोस्ट पाठवा, चांगल्या शब्दांत सांगा. रोपं लहान आहेत, या आठवड्यातच अलगद काढून दुसरीकडे लावता येतील. खड्डे मात्र नुसती माती लोटून बुजवू नका, काकाजी यायला तयार आहेत, ते दाखवतील कसे ठोकायचे. आणि दुसरं, पायथ्याशी गढूळ पाणी दिसलं तर रात्री दोन वाजता कोणाला फोन करायचा? मी आज तीन ठिकाणी विचारलं, तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. खरोखर उचलला जाणारा नंबर कोणाकडे असेल तर खाली लिहा. पाटी मी स्वखर्चाने रंगवून घेते.