न्यू व्हेगासमध्ये कुणाची बाजू घ्यायची? आधी टेलला पाणी पोचतंय का बघा

(ज्यांनी गेम संपवलेला नाही त्यांनी जपून वाचा, शेवटासकट सगळं फोडलंय.)

'फॉलआउट: न्यू व्हेगास' हा अणुयुद्धानंतरच्या अमेरिकेतला व्हिडिओ गेम २०१० च्या ऑक्टोबरमध्ये आला. इतकी वर्षं झाली तरी आपल्या कोल्हापूरच्या गेमर मंडळींत एनसीआर (न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक) की सीझरची लीजन, व्हेगासचा मालक मिस्टर हाऊस की सगळ्याला हो म्हणणारा येस मॅन हा रोबो, यातल्या कुणाची बाजू घ्यायची हा वाद मिटत नाही. वाद घाला, पण तो भलत्याच मुद्द्यांवर चाललाय. लीजन क्रूर, एनसीआर भ्रष्ट, हाऊस हुशार, येस मॅन घेतला की कुणाचं ऐकायला नको. सगळं खरं. पण हे सगळे ज्यासाठी एकमेकांच्या उरावर बसलेत ते एक धरण आहे, आणि धरणाचं राजकारण आपल्याला कुणी शिकवायला नको.

राधानगरीचं पाणी सुटलं की खालच्या बंधाऱ्यांवर बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) कुणी घातले, कुणी काढले, वरच्या अंगाला किती मोटारी चालू आहेत, उपसाबंदी कुणाला लागू झाली आणि कुणाला नाही, यावरून शेवटच्या गावाला कारभार कळतो. धरणाच्या भिंतीवर उभं राहून तो दिसत नाही. न्यू व्हेगासमधले गटही असेच जोखावेत, असं माझं ठाम मत आहे. हूवर धरणावर झेंडा कुणाचा हे राहू दे. टेलच्या, म्हणजे पाण्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाच्या पदरात काय पडतं ते बघा.

थोडी पार्श्वभूमी. खरं हूवर धरण १९३५ चं. सतरा मुख्य टर्बाइन, आणि विजेचा सर्वात मोठा वाटा कॅलिफोर्नियाला. कोलोरॅडो नदीच्या पाण्यावरून सात राज्यांची भांडणं १९२२ च्या करारापासून चालू आहेत. गेम बनवणाऱ्यांनी हेच उचललं. २०७७ च्या अणुयुद्धानंतर दोनशे चार वर्षांनी, म्हणजे २२८१ मध्येसुद्धा वीज कॅलिफोर्नियालाच चाललीय, फक्त आता कॅलिफोर्नियाचं नाव न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक. हाऊसबरोबरच्या करारात धरणाची ९५ टक्के वीज एनसीआरला आणि ५ टक्के स्ट्रिपला, म्हणजे हाऊसच्या कॅसिनोंच्या रस्त्याला. मधल्या मोजावे वाळवंटातल्या लोकांचा त्या कागदावर उल्लेखच नाही.

चलनातही पाणीच आहे. ब्रदरहूड या जुनं तंत्रज्ञान साठवणाऱ्या गटानं एनसीआरचा सोन्याचा साठा उडवला, त्यांच्या डॉलरची किंमत घसरली, आणि हब शहरातल्या पाणी व्यापाऱ्यांनी बाटलीची बुचं (कॅप्स) चलन म्हणून परत चालू केली. त्या बुचांमागची हमी म्हणजे पाणी. शंभर डॉलरच्या नोटेला गेममध्ये ४० कॅप्स मिळतात आणि लीजनच्या एका ऑरियस नाण्याला १००. पैशावर कुणाचा किती विश्वास, ते दुकानाच्या काउंटरवरच दिसतं.

आता टेलकडे जाऊ. व्हेगासच्या पूर्वेला एनसीआरची वाट्यानं कसायची शेतं आहेत. बरेच जण तिथून मका तोडून पुढं पळतात. थांबा तिथं. लेफ्टनंट रोमानोव्स्कीला भेटा. पाण्याचा दाब कमी का झाला हे शोधायला गेलेला कॉर्पोरल व्हाइट गायब आहे. ट्रेंट बॅस्कम आणि मॉर्गन ब्लेकशी बोला, मग ईस्ट पंप स्टेशनवर जाऊन टर्मिनल उघडा. पाणी वेस्टसाईड या गरीब वस्तीकडे वळवलेलं सापडतं. वळवणारा कुणी गुंड नाही, तो टॉम अँडरसन, गरिबांना औषधपाणी करणाऱ्या फॉलोअर्स या संघटनेचा माणूस. वेस्टसाईडच्या सहकारी संस्थेची शेती जगावी म्हणून त्यानं हे केलं, आणि व्हाइटला पत्ता लागल्यावर त्याचा खून केला. अँडरसनला बोलण्यानं वळवून हजर करता येतं, आणि वेस्टसाईडचं पाणी न तोडताही प्रकरण मिटवता येतं. सरकारी मळ्यातला वाटेकरी इकडं, सहकारी शेतीतला गरीब तिकडं, पाइपलाइन एकच. या एका क्वेस्टमध्ये (मोहिमेत) जेवढं राजकारण आहे तेवढं धरणावरच्या अख्ख्या लढाईत नाही.

त्याच शेतांना दुसरं ग्रहण व्हॉल्ट ३४ या जमिनीखालच्या निवाऱ्याचं. तिथल्या बिघडलेल्या रिअॅक्टरचं रेडिएशन भूजलात उतरतंय. आत जाताना रेडिएशनवरची औषधं, रॅड-एक्स दोन-तीन आणि रॅडअवे आठ-दहा तरी घ्या, रिब्रीदर असेल तर फारच बरं, कारण अर्धे बोगदे पाण्याखाली आहेत. लोक इथं शस्त्रागारापोटी येतात आणि बंदुका घेऊन परत फिरतात. खरा प्रश्न ओव्हरसिअरच्या (व्हॉल्टच्या प्रमुखाच्या) खोलीमागच्या रिअॅक्टरच्या कंट्रोलपाशी उभा असतो. व्हेंट वळवले तर आत अडकलेलं कुटुंब वाचतं पण शेतं कायमची जातात. रिअॅक्टर बंद केला तर शेतं वाचतात, माणसं जातात. मी शेतं वाचवण्याच्या बाजूचा. शिव्या घालणाऱ्यांनी खुशाल घालाव्यात.

विजेचं तेच. हेलिओस वन हे सौरऊर्जा केंद्र एनसीआरनं ब्रदरहूडकडून रक्त सांडून घेतलं आणि चालवायला दिलं फँटास्टिक नावाच्या एका बोलबच्चन गड्याला. पदवीच्या नावाखाली फेकाफेक करून नोकरीला लागलेला. खरं काम येतं ते शेजारी बसलेल्या इग्नासिओ रिवासला. पूर्व आणि पश्चिम अशी दोन रिफ्लेक्टर टर्मिनल चालू करायची, मग टॉवर चढून वीज कुठं पाठवायची ते निवडायचं. वाटेत सुरुंग आणि रोबो आहेत, धावत जाऊ नका. पर्यायांत एनसीआरचा तळ मॅककॅरन आणि स्ट्रिप आहे, फ्रीमाँट आणि वेस्टसाईड आहे, सगळा प्रदेश आहे, आणि आर्किमिडीज नावाचं शस्त्र आहे. दहातले नऊजण शस्त्र घेतात, कारण आकाशातून किरण पडताना भारी दिसतो. सगळा प्रदेश निवडला तर वीज सगळ्यांना वाटली जाते. तोच निवडावा.

आता हाऊस. माणूस अफाट, वाद नाही. ७७ अण्वस्त्रं व्हेगासवर सुटली, त्यातली ५९ त्यानं हवेतच निकामी केली, ९ लेझरनं पाडली, उरलेली ९ पडली पण शहरावर एकही नाही. पण स्ट्रिपच्या गेटवर उभे राहा. २००० कॅप्स दाखवल्याशिवाय सिक्युरिट्रॉन, म्हणजे हाऊसचे पहारेकरी रोबो, आत सोडत नाहीत, नाहीतर मिक अँड राल्फकडून बनावट पासपोर्ट करून आणा. गेटच्या बाहेर फ्रीसाईड ही गरीब वस्ती. भिंतीच्या आत रात्रभर झगमगाट, बाहेर दवाखाना म्हणायला ओल्ड मॉर्मन फोर्टमधले फॉलोअर्सचे तंबू. पन्नास वर्षांत माणूस अवकाशात पाठवीन म्हणणाऱ्याला भिंतीपलीकडचे वीस फूट दिसत नाहीत.

फ्रीसाईडमध्ये एनसीआरही धुतल्या तांदळाची नाही. मदत केंद्रातलं अन्न फक्त स्वतःच्या नागरिकांना. का, ते मेजर कीरनला विचारलं तर कळतं. किंग या फ्रीसाईडच्या टोळीप्रमुखाशी बोलायला पाठवलेल्या त्यांच्या माणसाला मार पडला, त्यामागं किंगचाच उजवा हात पेसर. ही गाठ सुटते, पण दोन्हीकडचं ऐकून घेण्याचा पेशन्स लागतो.

लीजनच्या बाजूनं एकच दमदार मुद्दा आहे, रस्ते सुरक्षित. लीजनच्या तळावरचा, म्हणजे फोर्टमधला, डेल बार्टन हा व्यापारी तेच सांगतो आणि तो खोटं बोलत नाही. पण ज्या राज्यात बायका-पोरांसकट गुलामी आहे आणि औषध म्हणून हीलिंग पावडर, तिथं टेल-बिल काही राहत नाही, माणूसच मालमत्ता होतो. शिवाय ८६ टोळ्या एका सीझरवर टांगलेल्या, आणि त्या सीझरच्या डोक्यात गाठ. त्याच्यामागं त्याचा सेनापती लेनियस. पुढची पिढी कशी चालणार, याचं उत्तर फोर्टमध्ये कुणाकडंच नाही.

येस मॅन सगळ्यांना आवडतो कारण तो नाही म्हणत नाही. ठीक आहे. पण सिक्युरिट्रॉन गोळ्या झाडतील, टर्बाइनचं बेअरिंग कोण बदलणार? पंप स्टेशनवर कोण बसणार? एल डोराडो सबस्टेशनमध्ये ओव्हरराइड चिप बसवणं सोपं आहे, दुसऱ्या दिवशी लाइन ट्रिप झाली की फोन कुणाला करायचा?

म्हणून माझं मत एनसीआरला, डोळे उघडे ठेवून. त्यांचे दोष ढीगभर. कैद्यांच्या हातात रेल्वेच्या कामासाठी डायनामाइट दिलं आणि त्यातून पावडर गँगर्स ही दरोडेखोर टोळी तयार झाली. कॅम्प गोल्फमध्ये त्यांचाच अधिकारी हॅनलन स्वतःच खोटे अहवाल पाठवतोय, फौजेनं मोजावे सोडावं म्हणून. मॅककॅरनमध्ये कर्टिस हा कॅप्टनच लीजनचा हेर. पण पाण्याचा दाब कमी झाला म्हणून चौकशीला माणूस पाठवणारा गट हा एकच.

या मार्गानं जायचं तर क्रम महत्त्वाचा. एनसीआरची कर्नल मूर 'फॉर द रिपब्लिक' या क्वेस्टच्या दुसऱ्या भागात ब्रदरहूडचा निकाल लावायला सांगते. त्याच्या आधीच हिडन व्हॅलीत, ब्रदरहूडच्या बंकरमध्ये, 'स्टिल इन द डार्क' हे क्वेस्ट पूर्ण करा आणि त्यांचा प्रमुख एल्डर मॅकनमाराला पदावर राहू द्या. त्याच्या जागी हार्डिनला बसवलंत की तहाची वाट बंद. बंकरच्या हवा शुद्धीकरणाचे भाग तीन ठिकाणी आहेत: व्हॉल्ट ३ मध्ये फिल्टर, व्हॉल्ट ११ मध्ये प्रेशर कंट्रोलर, व्हॉल्ट २२ मध्ये पल्स क्लीनर. ब्रदरहूडचीच व्हेरोनिका साथीदार म्हणून सोबत असेल तर दारात गळ्यात बॉम्बचा पट्टा पडत नाही. खान्स या टोळीलाही मूरकडं जायच्या आधीच लीजनपासून तोडा. बूमर्स या टोळीला हवं असलेलं बी-२९ विमान लेक मीडमधून वर काढलं तर लढाईत ते वरून बॉम्ब टाकतं.

प्रतिष्ठेचा हिशेब नीट समजून घ्या. चांगलं आणि वाईट नाव वेगवेगळं साठतं, एकानं दुसरं पुसत नाही. माफी एकदाच मिळते: बेनीचं (तुम्हाला गोळी घालणाऱ्याचं) प्रकरण उरकून टॉप्स कॅसिनोबाहेर पडलं की लीजनची, हाऊसच्या लकी ३८ मधून बाहेर आलं की एनसीआरची. त्यानंतर 'डोन्ट ट्रेड ऑन द बेअर' हे एनसीआरच्या इशाऱ्याचं क्वेस्ट दिसलं तर हात आवरा, पुढची चूक दार बंद करते. त्या-त्या गटाचा गणवेश घालून वेश बदलता येतो, पण कुत्री आणि वरचे अधिकारी ओळखतात. आणि शेवटच्या लढाईनंतर गेम पुढं चालत नाही, तेव्हा धरणावर जायच्या आधी वेगळा सेव्ह ठेवा.

शेवटी लेनियस. तो समोर आला की सगळे बंदूक काढतात. त्याऐवजी बार्टर (सौदेबाजीचं कौशल्य) १०० पर्यंत नेऊन ठेवा. हे स्किल बिनकामाचं म्हणून कुणी वाढवत नाही. थोडं कमी पडलं तर सेल्समन वीकली हे गेममधलं मासिक वाचून दहा गुण वाढतात, कॉम्प्रिहेन्शन पर्क असेल तर वीस. बार्टरचे पर्याय घेत गेलात की त्याला रसदीचा हिशेब मांडून दाखवता येतो: धरण जिंकशील, पण पश्चिमेकडं पसरलास की पुरवठा तुटणार, आज एनसीआरचं जे झालंय तेच उद्या तुझं होणार. तो ऐकून घेतो, विचार करतो आणि फौज घेऊन पूर्वेकडं परत फिरतो.

तुमचा बार्टर किती आहे, कमेंटमध्ये टाका. तीसच्या खाली असलेल्यांनी लीजनची बाजू घेऊन माझ्याशी भांडू नये.