चष्मा शोधायला चष्मा

रविवारी दुपारी गप झोपायचं सोडून मला सिस्टीम साफ करायची हुक्की आली. आदल्या रात्री अपग्रेड मारलं होतं, त्यात एमपीएफआर नावाची लायब्ररी (दशांशाचे अचूक हिशोब करणारा, इतर प्रोग्रामांनी वापरायचा तयार कोड) ३ वरून ४ वर गेलेली, आणि तिची जुनी फाइल, लिब-एमपीएफआर डॉट एसओ डॉट ४, तशीच पडून होती. (नंबर बघा कसेत, आवृत्ती ३ ची फाइल एसओ ४ आणि आवृत्ती ४ ची एसओ ६, इथंच मी शहाणं व्हायला हवं होतं.) म्हटलं ही अडगळ कशाला, रूट (सगळे अधिकार असलेला वापरकर्ता) झालो आणि उडवली.

संध्याकाळी दहा ओळींचा फालतू प्रोग्राम कंपाईल करायला (म्हणजे कोडाचं मशीनला चालेल असं रूप बनवायला) गेलो तर एरर, म्हणे सीसी१ला लिब-एमपीएफआर सापडत नाही. जीसीसीला, म्हणजे हे काम करणाऱ्या कंपायलरला, व्हर्जन विचारलं तर पठ्ठ्या एकदम ठणठणीत, कॉपीराइटसकट उत्तर! मग डोक्यात प्रकाश पडला की जीसीसी हा नुसता मुकादम, राबणारा गडी आतला सीसी१, आणि कोडातल्या स्थिर संख्यांचे दशांशाचे हिशोब कंपाईल होतानाच उरकायला त्याला एमपीएफआर लागते. मुकादमाला काय धाड भरणारे.

बरं, जुनी एमपीएफआर परत बनवू, त्यात काय एवढं, म्हणून सोर्स आणला, कॉन्फिगर (बांधण्याआधी सगळं तपासणारी स्क्रिप्ट) चालवलं, आणि ते म्हणालं की तुमच्या कंपायलरला एक्झिक्युटेबल बनवता येत नाही. अरे हो की! तेच तर!

नव्या फाइलला जुन्या नावाची सिमलिंक (नुसता नावाचा दुवा) लावायचा मोह झाला, चालतंही बऱ्याचदा, पण आतली मांडणी बदलली म्हणूनच तर नंबर बदलतात ना, आणि हिशोबात गुपचूप चुका करणारा कंपायलर मेलेल्या कंपायलरपेक्षा वाईट. शेवटी ड्रॉवरच्या तळाशी एक जुना लाइव्ह पेनड्राइव्ह (ज्यावरून थेट सिस्टीम चालू होते असा) सापडला, त्यातून एसओ ४ उचलली, जागेवर ठेवली, एलडीकॉन्फिग चालवून सिस्टीमला तिची नोंद दिली, आणि सीसी१ उठून बसला.

मग जीसीसीने नवी एमपीएफआर वापरावी म्हणून तो नव्याने बांधायला घेतला. तो आधी जुन्या कंपायलरने स्वतःला बांधतो, मग त्या नव्याने परत स्वतःला, मग त्याने पुन्हा एकदा, आणि शेवटचे दोन सारखे आलेत का ते ताडून बघतो, एवढा संशयी स्वभाव माझा असता तर ही वेळच आली नसती. रात्रभर पंखा विमानासारखा. सकाळी एलडीडी (प्रोग्राम कुठली लायब्ररी वापरतो ते सांगणारी कमांड) मारून बघितलं, सीसी१ आता एसओ ६ वर.

म्हणजे जुनी फाइल आता खरंच उडवता येईल. उडवली नाही. उलट पेनड्राइव्हवर तिची अजून एक कॉपी टाकलीय.