कुठला आफ्रिका, दादा?

मावसभावाने तळेगावहून घरच्या ग्रुपवर पुन्हा तेच लिहिलं. तळेगावला येणारा वेदांता-फॉक्सकॉनचा चिप कारखाना गेला, टाटा-एअरबसचा विमानांचा गेला, सगळं गुजरातला. असंच चाललं तर महाराष्ट्राचा आफ्रिका होईल. 2022 पासून आमच्याकडे हा वाद मिटलेला नाही. प्रकल्प गेल्याची चीड मला कळते. पण ते शेवटचं वाक्य मला सहन होत नाही. मी अठरा वर्षं नैरोबीत राहतो. कुठला आफ्रिका, दादा?

इथल्या टायरची गोष्ट सांगतो. इंग्रज गेले तेव्हा पूर्व आफ्रिकेतले बहुतेक कारखाने नैरोबीच्या आसपास होते. केनियाचा माल शेजारी खपायचा, तिकडून येणारा फार थोडा. टांझानियाला, तिथल्या दार-एस-सलामच्या सरकारला, ते झोंबत होतं. म्हणून 1964 साली कंपाल्याला तीन देशांनी उद्योग वाटून घेतले: टायर टांझानियाला, सायकली युगांडाला, विजेचे दिवे केनियाला. केनियाने त्या कराराला मंजुरीच दिली नाही. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला टायरचा कारखाना टांझानियातल्या अरुशात उभा राहिला, आणि नैरोबीतही. दोन्ही गावांत पाच तासांचं अंतर. दोघांना पुरेल एवढ्या गाड्या तेव्हा या भागात नव्हत्याच.

पुढे केनियाची सरशी झाली, हे खरं. टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी 1967च्या अरुशा जाहीरनाम्यानंतर, म्हणजे समाजवादाच्या घोषणेनंतर, बँका आणि मोठे उद्योग सरकारी केले. त्यातले बरेच रखडले. तिथल्याच मोरोगोरोचा बुटांचा कारखाना जागतिक बँकेच्या पैशाने बांधला, पण क्षमतेच्या दहाव्या हिश्शापर्यंतही कधी पोचला नाही. 1977 साली तिन्ही देशांचा समुदाय मोडला, टांझानियाने सीमा बंद केली आणि ती 1983 साली उघडली. नैरोबीतले जुने गुजराती व्यापारी त्या काळाबद्दल अजून छाती फुगवून बोलतात.

आणि शेवट? अरुशाचा कारखाना 2009च्या सुमारास थंडावला. जिंकलेल्या नैरोबीचा 2016 साली बंद झाला. दोघांनाही एकमेकांनी बुडवलं नाही. बाहेरून आलेल्या स्वस्त टायरपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. आज दोन्ही देशांत कारखानदारीचा वाटा राष्ट्रीय उत्पन्नाच्या दहा टक्क्यांच्या आतच आहे. शेजाऱ्याकडे डोळे लावून बसलेल्यांना मोंबासा बंदरात काय उतरतंय ते दिसलं नाही. वडोदऱ्यात विमानांचा कारखाना उभा राहिला, मान्य. पण ज्या फॉक्सकॉनसाठी आपण भांडलो, त्याने 2023 साली त्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं. तो ना तळेगावचा राहिला ना गुजरातचा.

मला हे इतकं लागतं त्याला कारण आहे. ते स्वस्त टायर चीनमधून आले, तसे भारतातूनही आले, आणि मी तेच विकतो. किरिन्यागा रोडवर माझं दुकान आहे. माझ्या मुलांची फी, चिंचवडच्या फ्लॅटचे हप्ते, सगळं त्यातूनच निघालं.

माझ्या गोदामात एक म्हातारा आहे, त्याला सगळे मझे म्हणतात, स्वाहिलीत वडीलधाऱ्याला म्हणतात तसं. तो नैरोबीच्या त्या कारखान्यात वीस वर्षं क्युअरिंग प्रेसवर, म्हणजे टायर तापवून घट्ट करणाऱ्या यंत्रावर होता. कंटेनर उघडला की तो पहिला टायर ओढून घेतो, कडेवर अंगठा दाबतो, नाकाजवळ नेतो. माझे बाबा असेच होते. चिंचवडच्या कंपनीत लेथवर होते. बाजारात बिजागरी घेतली तरी तिच्या कडेवरून बोट फिरवून बघायचे. त्यांची कंपनी गुजरातला गेली नव्हती. ती नुसतीच बंद पडली. त्यानंतर दोन वर्षांनी मी इकडे आलो.

गेल्या आठवड्यात मझेने विचारलं, हा टायर बनतो तो तुमच्याकडचा कारखाना अजून चालू आहे ना? हो म्हणालो. त्याने मान डोलावली आणि टायर रांगेत लावला. ‘तुमच्याकडे’ म्हणजे कुठे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मी मात्र हल्ली ‘आमच्याकडे’ म्हणताना, कधी नैरोबीत तर कधी चिंचवडात, मध्येच थांबतो.