वाटाण्याच्या अक्षता, आवृत्ती ७.८

नवी ऑपरेटिंग सिस्टिम जाहीर झाली की तुम्ही लगेच विचारता, "माझ्या फोनला मिळणार का?" असं थेट विचारू नये. थेट विचारलं तर थेट उत्तर मिळण्याचा धोका असतो, आणि मोबाइल कंपन्या तुम्हाला त्या धोक्यापासून वाचवण्यासाठी वर्षानुवर्षं राबताहेत. त्यांच्या कष्टांवर पाणी फिरवू नका.

फोन घेताना तर हा विषय मुळीच काढू नका. त्या वेळी कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, कव्हर फुकट मिळणार का, स्क्रीनगार्ड आत्ताच लावून देता का, हे खरे प्रश्न असतात. कुणी चुकून विचारलंच, तर काउंटरमागचा मुलगा मान वर न करता म्हणतो, "येणार ना सर, सगळं येणार." तो खोटं बोलत नाही. दुकानात पुढच्या महिन्यात नवं मॉडेल येणार आहे आणि त्यात सगळं असणारच आहे.

फोन वर्षा-दोन वर्षांचा झाला की साधनेला लागा. सेटिंग्ज उघडा, बोटाने पार तळाशी जा, सिस्टिम अपडेटवर टिचकी मारा. एक गोल चक्र थोडा वेळ फिरतं. त्या क्षणाची हुरहुर लाखमोलाची असते, ती घाईने उरकू नका. मग बरोबरची खूण उमटते आणि फोन सांगतो, तुमची सिस्टिम अद्ययावत आहे. समाधान माना आणि तिथूनच मागे फिरा. त्याच पडद्यावर बारीक अक्षरांत सुरक्षा पॅचची, म्हणजे फोनमधली भगदाडं बुजवणाऱ्या शेवटच्या दुरुस्तीची, तारीख असते. ती वाचायच्या भानगडीत पडू नका. वाचलीत तर आपला फोन अडीच-तीन वर्षांपूर्वीच अद्ययावत होऊन बसला आहे हे कळेल आणि उगाच रक्तदाब वाढेल. अगदीच चैन पडत नसेल तर अँड्रॉइडमध्ये ‘बिल्ड नंबर’ नावाची ओळ शोधा आणि तिच्यावर सात वेळा टिचक्या मारा. फोन तुमचं अभिनंदन करून तुम्ही आता डेव्हलपर झालात असं जाहीर करतो. अपडेट नाही तर नाही, पदवी तरी पदरात पडली.

धीर कसा धरावा हे शिकायचं असेल तर मायक्रोसॉफ्टची सिस्टिम असलेले विंडोज फोन बाळगणाऱ्यांचे पाय धरा. या पंथाने जे सोसलं त्याला तोड नाही.

२००९ च्या अखेरीस एचटीसी कंपनीचा एचडी२ हा फोन आला. ४.३ इंची पडदा, १ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्या काळच्या मानाने हत्तीच. त्यात विंडोज मोबाइल ६.५ होती. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ७ जाहीर केली. तिला प्रोसेसर १ गिगाहर्ट्झचा हवा होता, तो एचडी२ मध्ये होता. पडदाही हवा तसाच होता. तरीही एचडी२ ला नकार आला, आणि कारण सांगितलं गेलं ते बटणांचं. नव्या सिस्टिमला पडद्याखाली तीन बटणं हवीत, या फोनला पाच आहेत. मुलगा शिकलेला, नोकरी पक्की, घरदार उत्तम, पण शर्टाला पाच गुंड्या आहेत, आमच्याकडे तीनच चालतात, असं कुणी स्थळाला कळवावं तसा हा प्रकार.

इथे समंजस ग्राहकाने मान डोलावून नवा फोन घ्यायला हवा होता. पण जगात काही हट्टी पोरं असतात. त्यांनी त्याच पाच बटणांच्या फोनवर विंडोज फोन ७ चालवून दाखवली. पुढे अँड्रॉइड चालवलं, संगणकावरची उबुंटू सिस्टिम चालवली, आणि फोन सात वर्षांचा म्हातारा झाला तेव्हा त्यावर अँड्रॉइड ७ सुद्धा बसवलं. तांत्रिकदृष्ट्या अशक्य असलेल्या गोष्टी अशा परस्पर शक्य करून टाकणं हे शिष्टाचाराला धरून नाही. कंपनीने कोणत्या तोंडाने पुढचं कारण द्यायचं?

तरी दिलंच. विंडोज फोन ७ घेणाऱ्यांनी मनाशी म्हटलं, गेली ती जुनी सिस्टिम, आपण आता नव्या घरात आहोत. एप्रिल २०१२ मध्ये अमेरिकेत नोकियाचा ल्युमिया ९०० वाजतगाजत आला. आपल्याकडेही ल्युमिया ८०० साठी लोकांनी तीस हजारांच्या आसपास मोजले होते. जून २०१२ मध्ये, म्हणजे ल्युमिया ९०० च्या खोक्याची पारदर्शक पट्टी अजून टेबलावर पडलेली असताना, मायक्रोसॉफ्टने विंडोज फोन ८ जाहीर केली आणि सोबत सांगितलं की आजवर विकलेल्या एकाही फोनला ती मिळणार नाही. या वेळी कारण खरं होतं, हे मान्य करायला हवं. जुनी सिस्टिम लहान यंत्रांसाठीच्या विंडोज सीईच्या गाभ्यावर उभी होती, नवी मोठ्या संगणकांच्या विंडोजच्या गाभ्यावर. दोन्हींचा पायाच वेगळा. फक्त एवढंच की पाया बदलणार हे ज्यांना ठाऊक होतं, तेच एप्रिलमध्ये फोन विकत होते.

पण अगदीच रिकाम्या हाताने पाठवलं नाही. जुन्यांसाठी ७.८ नावाची आवृत्ती काढली. तिच्यात काय होतं? पहिल्या पडद्यावरच्या चौकटी लहान, मध्यम आणि मोठ्या करता येत होत्या, आणि रंग वाढले होते. ८ मागणाऱ्याला ७.८ देणं यात केवढा विचार आहे पाहा. कमी काय पडलं? शून्य दशांश दोन. तेवढ्यावरून कोण भांडतो! लोकांनी जानेवारी २०१३ च्या अखेरपर्यंत तिचीही वाट पाहिली, आणि आली तेव्हा कितीतरी जण संध्याकाळभर चौकटी लहान-मोठ्या करत बसले. वाटाण्याच्या अक्षताही रंगीत करून वाटता येतात, हे तंत्रज्ञानाने त्या दिवशी सिद्ध केलं.

यातून धडा घेऊन कुणी विंडोजचा नाद सोडला असेल, तर त्याने पुढची गंमत चुकवली. २०१३ मध्ये ल्युमिया ५२० आला. आपल्याकडे दहा हजारांच्या आसपास मिळायचा, मागचं रंगीत कवच नखाने उचकटून बदलता यायचं, आणि कॉलेजच्या कट्ट्यापासून बँकेच्या काउंटरपर्यंत तो सगळीकडे दिसायचा. नोव्हेंबर २०१४ मध्ये सांगण्यात आलं की विंडोज फोन ८ वाल्या सगळ्या ल्युमियांना विंडोज १० मिळेल. सगळ्या! मार्च २०१६ मध्ये यादी लागली. तीत ५२० नव्हता. ९२० नव्हता. ज्याच्या ४१ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यासाठी लोकांनी खिसा मोकळा केला होता तो १०२० सुद्धा नव्हता. कारण? चाचणीसाठी ज्या ग्राहकांनी हौसेने आधीच नवी सिस्टिम घेतली होती, त्यांनीच कळवलं होतं की जुन्या फोनवर ती नीट चालत नाही. म्हणजे फुकटात चाचणी तुम्ही केलीत, तक्रार तुम्ही केलीत, आता नकाराचं बिलही तुमच्याच नावावर. शिवाय, आपला फोन पात्र आहे की नाही हे तपासून सांगणारं एक खास अ‍ॅपही काढलं होतं. ५२० मध्ये आधीच जागेची बोंब. त्यात कुठले तरी फोटो पुसून तुम्ही ते अ‍ॅप उतरवून घ्यायचं, आणि त्याने नाही म्हणायचं.

ज्यांना मिळाली त्यांचंही ऐकून घ्या, म्हणजे जळफळाट कमी होईल. ऑक्टोबर २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टचे जो बेल्फिओरे यांनी ट्विटरवर सांगून टाकलं की फोनसाठी नवी वैशिष्ट्यं आणि नवं हार्डवेअर यांवर आता आमचा भर नाही. २०१९ संपता संपता व्हॉट्सअ‍ॅपनेही विंडोज फोनचा निरोप घेतला. आधी फोनला सिस्टिम मिळेना, मग सिस्टिमला फोन मिळेना. शेवटी हिशेब बरोबर.

अँड्रॉइडवाल्यांनी हसायचं कारण नाही. डिसेंबर २०११ मध्ये सॅमसंगने गॅलेक्सी एसला अँड्रॉइड ४ द्यायला नकार दिला. फोनमध्ये मेमरी कमी, सिस्टिमवर चढवलेला आमचा टचविझ नावाचा साज त्यात मावत नाही, असं कारण दिलं. त्याच सुमारास गूगलसाठी सॅमसंगनेच बनवलेल्या नेक्सस एसला अँड्रॉइड ४ मिळत होतं. दोघांचा प्रोसेसर तोच, रॅम दोघांची ५१२ एमबी. फरक एवढाच की नेक्ससला साज नव्हता. घरात माणूस मावत नाही कारण कपाटं फार झाली, असं सांगितलं तर आपण कपाट काढायला सांगू. पण कपाट कंपनीने खास आपल्यासाठी घडवलेलं असतं, ते काढा म्हणणं बरं दिसत नाही. गॅलेक्सी एसवाल्यांसाठी मग ‘व्हॅल्यू पॅक’ निघाला. ७.८ चाच चुलतभाऊ.

दोष कुणाचा हे शोधायला मात्र जरूर जा. फावल्या वेळचा तो उत्तम छंद आहे. गूगल म्हणतं, आम्ही सिस्टिम मोकळी केली, पुढचं फोन कंपनीने पाहावं. फोन कंपनी म्हणते, चिपवाल्याने या आवृत्तीसाठी ड्रायव्हर, म्हणजे चिप चालवायचे प्रोग्रॅम, दिले नाहीत. चिपवाला म्हणतो, ती चिप आमच्याकडे कधीच जुनी झाली. २०११ च्या नोव्हेंबरात आलेला गॅलेक्सी नेक्सस हा तर खुद्द गूगलचा लाडका. दोन वर्षांनी किटकॅट, म्हणजे अँड्रॉइड ४.४, आलं तेव्हा त्यालाही नाही म्हटलं गेलं, १८ महिन्यांची मुदत संपली म्हणून. त्यातली चिप बनवणारी टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स तोवर मोबाइलच्या धंद्यातूनच उठली होती. सोनीच्या एक्स्पीरिया झेड३ ला तर आणखी मजेशीर वागणूक मिळाली: अँड्रॉइड ७ ची चाचणी आवृत्ती याच्यावर चालवली आणि पक्की आवृत्ती निघाली तेव्हा यालाच वगळलं. पंगतीत वाढप्याचं काम केलं, जेवायला बसायची वेळ आली तेव्हा पानं संपली. त्यात स्नॅपड्रॅगन ८०१ चिप होती, नव्या आवृत्तीसाठी ती अपुरी ठरली. आणि अ‍ॅमस्टरडॅमच्या फेअरफोन नावाच्या चिमुकल्या कंपनीने तीच चिप असलेला आपला २०१५ चा फोन अँड्रॉइड ७ वर नेला, पुढे ९ वर, शेवटी १० वरही. कशाला? नवा फोन विकायचा सोडून जुन्याच्या पाठीमागे वर्षानुवर्षं लागणं हे काही धंद्याचं लक्षण नव्हे. अशा कंपन्यांच्या नादी लागू नका, सवय बिघडते.

एवढं सांगूनही तुम्ही हट्टाने स्वतःच लिनिएजओएस वगैरे, म्हणजे हौशी मंडळींनी बनवलेलं फुकटचं अँड्रॉइड, बसवायला निघालात, तर शुभेच्छा. रविवारची सकाळ जाईल, फोन दोनदा मेल्यासारखा पडेल, घरचे "कशाला नसत्या उचापती" म्हणतील, आणि संध्याकाळी सहा वर्षांच्या फोनवर झकास नवं अँड्रॉइड चालू होईल. मग बँकेचं अ‍ॅप उघडा. बहुतेक ते उघडणार नाही. फोनमध्ये छेडछाड झालेली आढळली, तुमच्या सुरक्षेसाठी आम्ही बंद होत आहोत, असं नम्रपणे सांगेल. तीन वर्षं सुरक्षा पॅच न मिळालेल्या त्याच फोनवर ते काल सुखाने चालत होतं, हा मुद्दा काढू नका. आणि काहीच न करता जुन्या आवृत्तीवर बसून राहिलात, तर अ‍ॅप्स एकेक करून पाय काढता घेतात. अँड्रॉइड ५ च्या आधीच्या फोनवर आता व्हॉट्सअ‍ॅप चालत नाही. फोन धडधाकट असतो, पडदा लख्ख, बॅटरीही बरी. फक्त कॉलनीचा ग्रुप त्यात यायला तयार नसतो. काहींना हे वरदान वाटतं, ते सोडा.

आयफोनवाले या सगळ्याकडे वरून पाहतात, कारण त्यांना नवी आवृत्ती पाच-सहा वर्षं मिळत राहते. त्यांच्यासाठी वेगळी करमणूक ठेवलेली असते. २०१७ च्या सुरुवातीला आलेल्या एका अपडेटपासून जुनी बॅटरी असलेल्या काही आयफोनचा वेग अ‍ॅपल गुपचूप कमी करत होती. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, असं त्याच वर्षीच्या डिसेंबरात बोभाटा झाल्यावर तिने सांगितलं. दिलगिरी व्यक्त केली, ७९ डॉलरची बॅटरी २९ डॉलरला दिली, आणि २०२० मध्ये फ्रान्सला अडीच कोटी युरो दंड भरला. कित्येकांनी तोवर नवा आयफोन घेऊन टाकला होता. जुन्या फोनला अपडेट न मिळाल्यामुळे नवा घ्यावा लागतो, तसा मिळाल्यामुळेही घ्यावा लागतो, हे कळायला एवढा उशीर लागला याचंच नवल.

हल्ली मात्र दिवस बदललेत. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला सात वर्षांचं वचन दिलं, सॅमसंगने २०२४ च्या सुरुवातीला गॅलेक्सी एस२४ ला दिलं. युरोपात तर जून २०२५ पासून नियमच आहे की मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान ५ वर्षं अपडेट द्यावेत. इतकी वर्षं बटणं, मेमरी, चिप अशी जी जी कारणं पर्वतासारखी आडवी होती, ती एका सरकारी कागदाने कशी विरघळली ते विचारू नका. तुम्ही फक्त बिल जपून ठेवा आणि वचन नेमकं कोणत्या मॉडेलला आहे ते वाचा. सात वर्षं महागड्या फोनला. आपल्या बजेटमधल्या फोनच्या खोक्यावर त्याविषयी बहुधा सोयीस्कर मौन असतं.

आणि समजा, देवदयेने, एके दिवशी खरंच आला अपडेट. दीड-दोन जीबीचा, रात्री वायफायवर लावलेला. सकाळी उठाल तर घड्याळ भलतीकडे गेलेलं असेल, आयकॉन गोलाचे चौकोन झालेले असतील, आणि आईचा नंबर जिथे डोळे मिटून लागायचा तिथे हवामान दिसेल. तेव्हा लगेच विचारायला घ्या, "पहिल्यासारखं कसं करायचं?" आयफोन असेल तर थोडी घाई करा, नवी आवृत्ती स्थिरावली की अ‍ॅपल लवकरच जुनीकडे परतायची वाट बंद करते.