जर्मनीतल्या ल्युबेकच्या पायी फेरीबद्दल तुम्ही लिहिलंत, त्याला उत्तर

नमस्कार ताई,

दोनच तारे देऊन तुम्ही लिहिलंत की तीन तासांच्या फेरीत सासूबाईंचे गुडघे धरले, चर्चच्या तिकिटाचे पैसे ऐन वेळी काढावे लागले, आणि मी 'मीठ आणि मासे' इतकं लांबवलं की मार्झिपान, म्हणजे इथली बदामाची मिठाई, घ्यायला वेळच उरला नाही.

पहिल्या दोन गोष्टींत चूक सर्वस्वी माझी. 'सोपी फेरी' हे शब्द माझेच. जुन्या गावात रस्त्याला दगडी गोटे आहेत, त्यावर पाऊल तिरकं पडतं. रोजच्या सवयीने मला ते जाणवत नाही. सासूबाई बाकावर बसून पाय चोळत होत्या, ते मी पाहिलं होतं. फेरी तिथेच आटोपती घ्यायला हवी होती. त्यांचे फेरीचे आणि तुम्हा सगळ्यांच्या तिकिटांचे पैसे परत करते. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि मनापासून माफी मागते.

मिठाचा भाग मात्र मी कमी करणार नाही. होल्स्टन दरवाजाशेजारी नदीकाठी विटांची सहा गोदामं पाहिलीत ना, ती मिठाची. ल्युनेबुर्ग गावचं मीठ आधी गाड्यांतून आणि 1398 पासून कालव्याने इथे यायचं, इथून पुढे स्वीडनच्या दक्षिण किनाऱ्याकडे, हेरिंग मासळीसाठी. उपासाच्या दिवशी युरोपभर मांस वर्ज्य, मासे चालायचे. पण हेरिंग खारवल्याशिवाय टिकत नाही. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नकोच! हान्सा व्यापारी संघात ल्युबेक सगळ्यांत वरचढ ठरलं त्यात या मिठाचा मोठा वाटा. हे कळलं नाही, तर तो दरवाजा म्हणजे फोटोपुरत्या दोन कललेल्या बुरुजांपलीकडे काही उरत नाही.

आणि मारियन चर्च. मार्च 1942 च्या बॉम्बहल्ल्यात, 28 च्या रात्री, दक्षिण मनोऱ्यातल्या घंटा जळत खाली कोसळल्या. त्या फुटलेल्या घंटा अजून पडल्या जागीच आहेत. तुमचा मुलगा तिथून हलायलाच तयार नव्हता, आठवतं? तिकिटाचं आधी सांगायला हवं होतं, पण ती जागा मी वगळणार नाही.

माहितीतून 'सोपी' हा शब्द आजच काढला; गोट्यांचं आणि तिकिटाचं तिथे स्पष्ट लिहिलंय. सासूबाईंना घेऊन परत आलात, तर ट्रावे नदीतून बोटीने जुन्या गावाला वळसा घालू. मार्झिपान आधी घेऊ, मग बोटीत बसू.