लायसन आहे ना, मग पासपोर्ट कशाला?

बफेलोत राहता, अमेरिकेचं नागरिकत्व घेऊन चार वर्षं झाली, आणि नायगाराच्या पलीकडे जायचं म्हटलं की अजून पासपोर्टासाठी कपाटं उपसता? शोभत नाही. डीएमव्हीत, म्हणजे लायसनच्या सरकारी कचेरीत जा, नेहमीच्या फीवर ३० डॉलर जादा ठेवा आणि झेंड्याचं चित्र असलेलं ‘एन्हान्स्ड’ लायसन घ्या. मग रेनबो ब्रिजवर नुसतं कार्ड दाखवायचं आणि कॅनडात उतरायचं.

मिशिगन, मिनेसोटा, न्यूयॉर्क, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन या पाचच राज्यांत हे मिळतं, ही गोष्ट न्यू जर्सीच्या मेहुण्यांच्या कानावर आवर्जून घाला. त्यांच्या एडिसनमध्ये वडापाव मिळतो, हे लायसन नाही. ‘आमच्याही लायसनवर तारा आहे’ असं ते म्हणाले तर काही न बोलता त्यांना गाडीत घ्या. तारा म्हणजे रिअल आयडी. ७ मे २०२५ पासून देशातल्या देशात विमानात चढायला तो मागतात, सरहद्दीवर त्याला कोणी विचारत नाही. पण हे त्यांना पुलाच्या मध्यावर सांगा. तिथून गाडी वळवता येत नाही. परतताना नागरिकाला देशाबाहेर ठेवता येत नाही हे खरं, पण बाकावर हवा तेवढा वेळ बसवता येतं.

रांगेत मुलं कुरकुरली तर इतिहास सांगा. एकेकाळी ‘अमेरिकन सिटिझन’ एवढं तोंडी सांगून इथून आत येता यायचं. २००१ चे हल्ले झाले, २००४ मध्ये कायदा झाला आणि १ जून २००९ पासून रस्त्याने येणाऱ्यालाही कागद दाखवणं आलं. नागरिक असलेल्या सोळाच्या आतल्या मुलांना जन्मदाखला पुरतो. तो तुम्ही घरी विसरला आहात, हे त्यांना याच वेळी कळू द्या.

कार्डातल्या चिपचा नंबर मशीन लांबूनच वाचतं. गाडी खिडकीशी पोचेपर्यंत तुमची कुंडली अधिकाऱ्याच्या पडद्यावर हजर. चिपमध्ये नाव-गाव नसतं, फक्त नंबर. तो भलत्याच कोणी वाचू नये म्हणून सोबत एक पाकीट देतात. ते फेकून द्या. ३० डॉलर काय झाकून ठेवायला मोजले?

टोरंटोत मावशीकडे गाडी बिघडली तर घाबरू नका, सरळ विमानाचं तिकीट काढा. हे कार्ड फक्त जमीन आणि समुद्रापुरतं आहे, असं काउंटरवरची मुलगी सांगेल. तिच्याशी वाद घाला, झेंड्यावर बोट ठेवून. मागची रांग तुमचं मराठी ऐकेल. आणि त्याच रात्री सांगलीहून ‘लगेच निघा’ असा फोन आला, तर पासपोर्ट आणि ओसीआय (व्हिसाशिवाय भारतात जायचं कार्ड) दोन्ही कुठे आहेत हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे: बफेलोत, कपाटात, साड्यांच्या खाली.

राहता राहिले सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा. त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट. त्यांना कॅनडाचा वेगळा व्हिसा लागतो आणि तो तुम्ही काढलेला नाही, कारण ‘पुलाचं तर अंतर आहे’. हरकत नाही. त्यांना अलीकडच्या कठड्याशी थर्मास आणि धपाटे देऊन बसवा आणि तुम्ही पलीकडे जा. घोड्याच्या नालेसारखा धबधबा तिथूनच नीट दिसतो. व्हिडिओ कॉल लावा. तुषारांत काही दिसणार नाही, पण बाबा विचारतीलच, ‘अरे, तू नक्की कुठल्या बाजूला आहेस?’