‘बँडचे फोटो काळे आले’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

एक स्टार दिला, त्याचं काही नाही. पण तुमचा रिव्ह्यू वाचून वरुडातले लोक दुकानात येऊन विचारायला लागले, म्हणून उत्तर इथेच लिहितो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: संगीत महोत्सवात तुमच्या बँडचे फोटो काळे आले, चेहरे लाल-निळे दिसतात, मी फ्लॅश मारला नाही, ड्रमरचे हात हललेले आहेत, शेवटच्या गाण्याचे समोरून फोटोच नाहीत आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यातल्या मूळ, न सुधारलेल्या) मागितल्या तर दिल्या नाहीत. वरून ‘लग्नाचे फोटो काढणाऱ्यानं लग्नाचेच काढावे, स्टेजच्या नादी काहून लागावं?’

उद्घाटनाचे फोटो चकाचक आहेत, हे तुम्हीच लिहिलं. कॅमेरा तोच, लेन्स तीच, काढणारा तोच. दीपप्रज्वलन, भाषणं आणि भजनी मंडळाची खंजिरी होईपर्यंत समोरून पांढरे हॅलोजन चालू होते. तुमचा बँड चढला तसे लाइटवाल्यानं ते बंद केले आणि मागच्या ट्रसवरचे, म्हणजे लाइट टांगायच्या सांगाड्यावरचे, एलईडी लाइट सोडले, आधी निव्वळ लाल, मग निव्वळ निळे. डोळ्याला ते झकास दिसतं. कॅमेऱ्याचं गणित वेगळं आहे. सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या भागावर, लाल रंग टिपणारे ठिपके जेमतेम पाव हिस्सा असतात. निळे पाव, हिरवे निम्मे. निव्वळ लाल उजेडात बाकीच्यांच्या वाट्याला जवळजवळ काहीच येत नाही आणि लालचे तेवढे काठोकाठ भरतात. मग गालाचा उंचवटा, नाकाची सावली सगळं जाऊन चेहऱ्याच्या जागी लाल डाग उरतो. तो टाळायचा तर फोटो मुद्दाम अंडर, म्हणजे कमी उजेडाचा, घ्यावा लागतो. तुम्ही ज्याला काळा म्हणता तो हाच. तुमच्या गायकाचा तो जवळून घेतलेला फोटो मोबाइलचा ब्राइटनेस वाढवून एकदा पाहा. माइक आवळलेल्या मुठीवरच्या शिरा दिसतील, कपाळावरून भुवईत उतरलेला घाम दिसेल. फोटो उजळ घेतला असता तर यातलं काही उरलं नसतं.

आता फ्लॅश. स्मोक मशीन तुमच्याच आग्रहानं दर गाण्याला चालू होतं. हिवाळ्यात पहाटे मोर्शी रोडवर धुक्यात हेडलाइट अप्परवर टाकून पाहा, पुढे काय दिसतं ते. धुरात फ्लॅश मारला की तेच होतं: पांढरा पडदा, आणि त्यामागे कुठेतरी गिटार. धूर नसता तरी मी मारला नसता. महोत्सव भरवणाऱ्या मंडळानं लाइटिंगला पैसे मोजले होते. फ्लॅशनं तो सगळा रंग पुसला जातो आणि स्टेज पासपोर्ट फोटोच्या खोलीसारखं सपाट होतं. शिवाय सोलो चालू असताना गिटारवाल्याच्या डोळ्यांत फ्लॅश पडला आणि बोट चुकलं, तर तो रिव्ह्यू याच्याहून कडक आला असता. मोठ्या शहरांतल्या कॉन्सर्टलासुद्धा फोटोग्राफरना बहुतेक ठिकाणी ‘पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही’ अशीच अट असते.

ड्रमरच्या हातांचं तुम्ही लिहिलं ते वाचून मात्र मला नवल वाटलं, कारण त्या रात्रीचा माझा सगळ्यात आवडता फोटो तोच आहे. मुळात ड्रमर सगळ्यांच्या मागे आणि झांजांच्या आड. त्याचा चेहरा मोकळा मिळायला स्टेजच्या डाव्या पायरीवर उकिडवं बसून राहावं लागलं. तिथून १/५०० शटरलाही, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या भागात, फोटो घेतले आहेत. त्यांत काड्या हवेत थिजलेल्या दिसतात, जणू पोरगा नुसता काड्या धरून बसला आहे. म्हणून १/१२५ वर आलो. डोळे आणि दात-ओठ खाल्लेला चेहरा लख्ख, आणि हातांच्या जागी नुसता वेग. काहींना हे आवडत नाही, मान्य. आणि शटर मनाला येईल तेवढं वर नेता येत नाही. हे एलईडी मंद केले की सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होत असतात. डोळ्याला कळत नाही, पण शटर फार जलद ठेवलं की फोटोवर आडवे पट्टे येतात.

‘मोबाइलवर याच्याहून चांगले आले’ म्हणून तुम्ही फोटो जोडला आहे. मोबाइल रात्री एकामागोमाग अनेक फोटो घेऊन ते एकत्र करतो. जे हलत नाही ते त्यात सुरेख येतं. तुमच्या फोटोत मागच्या बॅनरवरचा प्रायोजकाचा नंबर स्पष्ट वाचता येतो. गाणारा कोण, ते ओळखू येत नाही.

शेवटच्या गाण्याचं कारण लेझर. तो समोर, प्रेक्षकांच्या दिशेनं सोडला होता. त्याची किरणं लेन्समधून थेट सेन्सरवर पडली की जळाल्याची रेष कायमची राहू शकते, आणि सेन्सर बदलायचा खर्च त्या रात्रीच्या बिलापेक्षा मोठा. म्हणून मी स्टेजच्या मागे गेलो. तुमची पाठ, खांद्यावरचा गिटारचा पट्टा आणि पुढे हात वर केलेलं अख्खं मैदान, असे फोटो पेन ड्राइव्हमध्ये आहेत. ‘पाठमोरे’ म्हणून तुम्ही ते मोजलेच नाहीत असं दिसतं. मिळालेला वेळही थोडा होता. रात्री १० ला लाउडस्पीकर बंद, हा २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतला नियम. सरकार वर्षातल्या काही दिवसांना १२ पर्यंत सूट देतं, त्यात तो दिवस नव्हता. भाषणं लांबली, त्याचा हिशोब माझ्याकडे नका मागू.

रॉ फाइल आम्ही कोणालाच देत नाही, मंडळाशी तसं आधीच ठरलं होतं. काम मंडळानं दिलं, पैसे मंडळानं दिले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, वेगळा करार नसेल तर असे फोटो काम देणाऱ्याच्या मालकीचे. बँडच्या पोस्टरवर वापरायचे असतील तर मंडळाला विचारा, माझी हरकत नाही.

राहिलं लग्नाचं. दुकान लग्नांवरच चालतं, यात लपवायचं काय? पण अंधारात माणूस टिपायला मी लग्नात नाही शिकलो. दिवाळी झाली की गडचिरोलीकडे वडसा भागात झाडीपट्टीची नाटकं रात्र-रात्र चालतात, तिथे शिकलो. लग्नात नवरीला ‘ताई, जरा इकडे पाहा’ म्हणता येतं. स्टेजवरच्या माणसाला म्हणता येत नाही, म्हणायचंही नसतं.

लाल उजेडातले फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून देतो. त्यात रंगाचं भांडणच राहत नाही, चेहरे उठून दिसतात. पैसे नाहीत. ड्रमरचे १/५०० वाले हवे असतील तर तेही देतो. आणि पुढच्या वर्षी मंडळाच्या बैठकीत बँडतर्फे एवढं बोला की समोरून, दोन्ही बाजूंनी एकेक पिवळसर पांढरा लाइट मंद का होईना, पण पूर्ण वेळ चालू ठेवा. मी सांगितलं तर लाइटवाला ऐकत नाही, कलाकारानं सांगितलं तर ऐकतो.

दुकानात या, मोठ्या स्क्रीनवर सोबत बसून पाहू. फक्त बाजाराचा दिवस सोडून या, त्या दिवशी पासपोर्ट फोटोवाल्यांची रांग असते.